यादीत नसलेली बहीण

कामथडी
रविवार, २२ मार्च

प्रिय धनाजी,

हे पत्र लिहायला मला तुझ्या कार्यकर्त्यानं, गेनूनं भाग पाडलं. गुरुवारी सकाळी साडेदहाला तो पांढरी गाडी घेऊन दारात आला, चपला घालूनच ओसरीवर चढला आणि टाइप केलेलं चार पानी प्रतिज्ञापत्र माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "अक्का, पेन्सिलीनं फुल्या केल्यात तिथं फक्त सह्या. नोटरी भोरला थांबलेत, जेवायच्या आत उरकू." मी आधी त्याला चपला काढायला लावल्या. मग चष्मा शोधला आणि चारही पानं वाचली. वाचायची गरज नाही असं तो दोनदा म्हणाला. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून मी वाचल्याशिवाय कुठल्या कागदावर सही केली नाही, हे त्याला ठाऊक नसेल, तुला आहे. एकाच कागदावर न वाचता केली, तो कागद तुझा होता. त्याबद्दल पुढं लिहीन. या प्रतिज्ञापत्रावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुला घाई न करता वाचता येईल.

पहिल्याच ओळीत माझा व्यवसाय "घरकाम" असा टाकलाय. भोंगवलीतून पुण्याला जाऊन बी.कॉम. झालेली मी दुसरी मुलगी. नसरापूर, भोर, किकवी आणि शेवटची नऊ वर्षं वेल्हे, इतक्या ठिकाणी मी पोस्टात काम केलं. तुझ्या कॉलेजची फी त्या पगारातून गेली. तुझ्या वकिलाला घरकाम हा शब्द तू सांगितला असशील तर तो खोटेपणा झाला, आणि त्यानं आपल्या मनानं लिहिलेला तू तसाच राहू दिला असशील तर ते जास्त वाईट. पुढचं सगळंही अशाच तयारीनं लिहिलंय. त्यात मी म्हणे शपथेवर सांगते, की आमच्या आबांच्या काळापासून भाऊबीजेला आमच्या घरातले पुरुष पंचक्रोशीतल्या बहिणींना पाण्याचा हंडा देतात, ही प्रथा मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिली आहे, तिचा निवडणुकीशी काही संबंध नाही. आबांनी आयुष्यात कुणाला हंडा दिला नाही, धनाजी. सख्ख्या बहिणीला, आपल्या आत्याला, ते खण द्यायचे, तोही आईनं तीनदा आठवण केल्यावर. तुझी मला मिळालेली पहिली भाऊबीज म्हणजे अर्धं खाल्लेलं कवठ. तू सहा वर्षांचा होतास. ताटात टाकलंस आणि उरलेलं मला देणार का म्हणून विचारत बसलास. त्या कवठाची आठवण काढून मी तुझ्यावर अजून हसू शकते. या चार पानांवर नाही.

प्रकरण काय आहे ते तुझे वकील तुला त्यांच्या भाषेत सांगत असतील. माझ्या भाषेत एकदा ऐक. तुझ्याविरुद्ध पडलेला उमेदवार उच्च न्यायालयात गेलाय. मतदानाला सतरा दिवस असताना, आचारसंहिता चालू असताना, तू वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावर मतदार बायकांना स्टीलचे हंडे वाटलेस, असा त्याचा आरोप आहे. सिद्ध झालं तर तुझी निवड रद्द होईल आणि वर सहा वर्षं निवडणूक लढवता येणार नाही. पाच वेळा निवडून आलेला, सभागृहात पहिल्या बाकावर बसणारा माणूस सत्तरीला पोचेपर्यंत घरी बसेल. त्या उमेदवाराबद्दल मला काडीचं प्रेम नाही. त्यानं हंडे वाटले नाहीत ते त्याला आधी सुचलं नाही म्हणून. पण तू काय उत्तर दिलंस ते मी पेपरात वाचलं. पहिल्यांदा म्हणालास, मी त्या वाड्यावर गेलोच नाही, त्या बायकांना ओळखत नाही, हंडे विरोधकांनी ठेवले. फोटो बाहेर आल्यावर म्हणालास, गेलो होतो, पण ती प्रथा आहे. न ओळखणाऱ्या बायकांना ओवाळणी घालायची प्रथा आपल्या घरात कुठल्या पिढीपासून आहे, तेवढं या प्रतिज्ञापत्रात घालायचं राहिलं.

दोन दिवाळ्यांपूर्वीच्या त्या भाऊबीजेला मी तिथं होते, हे तुझ्या वकिलांना माहीत आहे का? आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. सात वर्षांनी. "अक्का, उद्या मी धनगरवाड्यावर आहे. तिथल्या बायका तुला मानतात. तू तिथंच ये, तिथंच ओवाळ, म्हणजे दोन्ही होतील." दोन्ही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की तू ओवाळून घेणार आहेस. सदुसष्टाव्या वर्षी मी करंजीचा डबा, निरांजन आणि ताट पिशवीत घालून नसरापूरहून एस.टी.नं वेल्ह्याला गेले आणि तिथून जीपनं वर. माझ्याइतकी शहाणी बाई इतकी सहज फसली, याचा राग मला तुझ्याइतकाच माझाही आहे.

तिथं टेम्पो उभा होता. चार वाड्यांवरच्या बायका उन्हात रांगेनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात ताट. तू अर्ध्या तासाकरता आलास. खुर्चीवर बसलास, एकेक बाई पुढं येऊन ओवाळत होती, तू मान वाकवत होतास, पण डोळे समोरच्या मोबाईलवाल्याकडे. शेजारी गेनू मतदार यादी घेऊन उभा. नाव विचारायचा, यादीत बोट फिरवायचा, टिक करायचा आणि टेम्पोतल्या माणसाला मान हलवायचा. मग हंडा खाली यायचा. पहिला मान वयाचा म्हणून बायकांनी बयाबाईला पुढं केलं होतं. तुला ती आठवणार नाही. पंचाहत्तरीची, एकटी, सात शेळ्या, बोलायला फटकळ. वेल्ह्याला असताना तिची पेन्शन माझ्या हातून जायची. तिनं तुला ओवाळलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. गेनूनं यादी खालीवर केली आणि म्हणाला, "आजी, तुमचं नाव यादीत न्हाई. मयत म्हणून काढलंय."

बयाबाई म्हणाली, "यादीत न्हाई, पर हितं हाय की."

रांगेतल्या बायका हसल्या. गेनू नाही हसला. "पुढं सरका आजी, उशीर होतोय." ती तुझ्याकडे बघत राहिली. तू तोवर दुसरीपुढं मान वाकवली होतीस. ओवाळून घ्यायचं आणि ताट रिकामं परत पाठवायचं, असं आपल्याकडं भिकेला लागलेला भाऊसुद्धा करत नाही. गाठीला नसेल काही तर सुपारी टाकतो. तुझ्या टेम्पोत तेव्हा तिसाच्या वर हंडे होते, धनाजी.

मी सोळावी होते. तू मला बघून म्हणालास, "या अक्का," आणि पुन्हा मोबाईलकडं बघितलंस. मी ओवाळलं. गेनू म्हणाला, "अक्का, जरा थांबा," आणि पिशवीतून कामथडीची यादी काढली. पानं उलटली, माझं नाव शोधलं, अनुक्रमांक चारशे बारा, आणि टिक केली. मी बघितली ती टिक. मग माझ्यापुढंही हंडा आला. मी तिथून टेम्पोच्या मागं गेले आणि तो हंडा बयाबाईच्या हातात दिला. ती म्हणाली, "तुमच्या भावानं तुमास्नी दिलाय." मी म्हटलं, "माझ्या भावानं काही दिलं नाही. घ्या." करंजीचा डबा तसाच परत आणला. तुझी गाडी केव्हाच खाली गेली होती.

आता हंड्यांवरच्या नावांचं सांगते. गेनू गुरुवारी म्हणाला, "साहेबांना वाटतं, नावं अक्कांनीच मुद्दाम घालायला लावली." नावं मीच घालायला लावली, हे खरं. मुद्दाम हे खोटं. एकसारखे अडतीस हंडे चार वाड्यांत गेले. कुठल्याही लग्नाला, जत्रेला, दहाव्याला सगळ्यांची भांडी एकत्र जातात, आणि परत येताना कुणाचं कुठलं यावरून सख्ख्या जावा वर्ष वर्ष बोलत नाहीत. म्हणून मी भोरच्या हाफिजभाईला निरोप दिला की नाव घालायचं मशीन घेऊन वाड्यावर जाऊन ये. हाफिजभाई बॅटरी लावलेलं मशीन गाडीला बांधून गेला आणि मला फोन केला, "अक्का, बायका म्हणतात आमदारभाऊंकडून असं घाल. घालू?" मी म्हटलं, "त्यांचा हंडा, त्या म्हणतील ते घाल. पण खाली तारीख टाक. भांड्यावर तारीख नसेल तर नाव घालून काय उपयोग?" त्यानं दिवस, महिना, साल सगळं टाकलं. बायकांना कौतुक होतं. आयुष्यात पहिल्यांदा आमदार आपल्याला बहीण म्हणाला, हे पोरीबाळींनी वाचावं म्हणून त्यांनी ते हंड्याच्या गळ्यावर कोरून घेतलं. तू काही लपवून देत होतास, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या यायला हवं होतं. आचारसंहितेचं परिपत्रक दर निवडणुकीला पोस्टात माझ्याच टेबलावर यायचं. सख्ख्या भावाला मी त्या परिपत्रकाशेजारी उभं करून पाहिलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी विचारतील त्याला सांगेन.

पुढं मार्गशीर्षात वाड्यावरच्या सूरजचं लग्न झालं. स्वैपाकाच्या मांडवाला पाणी भरायला सगळ्यांचे हंडे एका रांगेत लागले. अडतीस हंड्यांवर एकच मजकूर, एकच तारीख, फक्त बहिणीचं नाव वेगळं. पाहुण्यांत तुझ्या विरोधकाचा माणूस होता. त्यानं फोटो काढले, ते याचिकेला लागले. फोटोतली अक्षरं नीट वाचता येत नाहीत असं तुझ्या वकिलांनी कोर्टात सांगितलं, म्हणून गेल्या महिन्यात कोर्टानं हंडेच हजर करा म्हटलं. आणि आठ दिवसांच्या आत तुझा टेम्पो पुन्हा वाड्यावर गेला.

या वेळी तू खुर्चीवर बसायला गेला नाहीस. गेनूनं बायकांना सांगितलं, साहेब हंड्यांना पॉलिश करून देणार आहेत. यादी हातात होतीच. ज्या नावांपुढं टिक, त्यांचा हंडा टेम्पोत. चार दिवसांनी हंडे परत आले ते गळ्यापाशी घासून पांढरे पडलेले, एकावरही अक्षर नाही. पातळ पत्रा, चाकावर जास्त धरला असणार, अकरा हंडे गळायला लागलेत. वाड्यावरची धोंडाबाई मला शोधत थेट कामथडीला आली. ती तुझ्या हंड्यात घातलेलं पाणी कसं गळतं ते दाखवायला हंडाच डोक्यावर घेऊन आली होती. ओसरीवर आदळला आणि म्हणाली, "अक्का, तुमी म्हनला नाव घाला, आमी घातलं. आता तुमच्या भावाची मान्सं नाव खरडून गेली. आमी काय वंगाळ लिवलं व्हतं का त्याला? भाऊच म्हनलं व्हतं न्हवं?" मी तांब्या-भांडं पुढं ठेवलं. ती पाणी प्यायली, भांडं उपडं ठेवलं आणि जाताना म्हणाली, "मत तर आमी त्यालाच दिलं असतं. हंडा न घेता बी. तुमचा भाऊ म्हनून."

हे वाक्य पुन्हा वाच. पंचवीस वर्षं मी तुझ्याकरता भोर-वेल्ह्यात बोलले. खिडकीत नव्हे, खिडकीत मी कधी राजकारण केलं नाही, पण सुटीच्या दिवशी, जत्रेत, कुणाच्या ओट्यावर. माझा भाऊ आहे, शब्दाचा पक्का आहे, एवढंच म्हणायचे. तुला ती मतं फुकट मिळत होती. तरी तू ती विकत घेतलीस, कारण विकत घेतलेल्या माणसाचं पुढं काही ऐकावं लागत नाही. त्या बायका मागच्या उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी आटलं तेव्हा तुझ्या भोरच्या बंगल्यावर गेल्या होत्या. भावाकडं जातोय म्हणून धपाट्यांचं गाठोडं बांधून. फाटकावरच्यानं सांगितलं, साहेब मुंबईला आहेत. तू वर गच्चीत फोनवर बोलत होतास. खालून दिसत होतास. धपाटी त्यांनी एस.टी. स्टँडवर बसून खाल्ली. मला हे त्यांनी सांगितलं ते हसत हसत. तुझी नक्कल नूतन करते, धोंडाबाईची सून, माझ्याच नावाची आहे. कानाला हात लावून येरझाऱ्या घालते. चांगली करते.

गुरुवारी मी सही करत नाही म्हटल्यावर गेनूनं आधी आवाज खाली आणला. म्हणाला, "अक्का, बायकांना जरा समजवा. देणारा गुन्हेगार तसा घेणाराबी गुन्हेगार असतो. उद्या कोर्टात त्यांनाच विचारतील." मी म्हटलं, मग पहिलं नाव माझं लिही, यादी तुझ्याकडेच आहे, चारशे बारा. त्यावर त्यानं तुला फोन लावून माझ्या हातात दिला. तू माझी तब्येत विचारली नाहीस, ते बरंच झालं. तू म्हणालास, "अक्का, फक्त सही."

हेच दोन शब्द. आवाजसुद्धा तोच. आबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, बारा जूनला, तू मला भोरला निबंधक कचेरीच्या दारात उभं करून हेच म्हणाला होतास. हक्कसोडपत्र होतं. मी वाचायला घेतलं तर तू हसलास. "अक्का, तू पण ना. माहेर काय कागदावर असतं का? फक्त सही. दर भाऊबीजेला मी तुझ्या दारात आहे." मी न वाचता सही केली. ह्यांनी मला घरी आल्यावर विचारलं, वाचलंस का? मी म्हटलं, भावाचा कागद कसला वाचायचा. किकवीच्या रस्त्याकडचा दीड एकराचा तुकडा त्यात होता. पुढच्या वर्षी तो तू विकलास आणि पहिल्या निवडणुकीच्या जीपा त्यातून फिरल्या. मी बोलले नाही. मला तुकडा नको होता, तेव्हाही आणि आताही. नऊ वर्षं तू आलास. मग गेनू साडी घेऊन यायला लागला. मग साडी कुरिअरनं. मग फोन. मग तोही नाही.

त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावर तू मला बाजारपेठेत नेलंस आणि तांब्याचा मोठा हंडा घेऊन दिलास. अमीरभाईकडे, हाफिजच्या वडिलांकडे, छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांत त्यावर नाव घालून घेतलंस. नूतन अक्कास, धनाजीकडून. अमीरभाई म्हातारा काटेकोर होता. त्यानं विचारलं, तारीख? तू म्हणालास, टाका आजचीच. आणि मला म्हणालास, "यंदाची भाऊबीज आगाऊ दिली म्हणून समज." मी तो हंडा डोक्यावर घेऊन एस.टी.त चढले. शेजारच्या बाईनं विचारलं तर ताठ मानेनं सांगितलं, भावानं दिला. सत्तावीस वर्षं तो माझ्या न्हाणीत आहे. चिंचेनं घासला की तारीख लख्ख उठते. गुरुवारी गेनू गेल्यावर मी कपाटातून हक्कसोडपत्राची प्रत काढली आणि न्हाणीत जाऊन हंड्याशेजारी धरली. तारीख एकच आहे. दिवस, महिना, साल. धनगरवाड्यावरच्या बायका अडतीस, आणि मी त्यांना शहाणपण शिकवायला हाफिजभाईला पाठवत होते. पहिली मीच होते. तू मला ज्या भावात घेतलंस त्याच भावात त्यांना घेतलंस, मध्ये फक्त तांब्याचं स्टील झालं.

आता हे पत्र कशाकरता, ते सांगून थांबते. तुझ्या टेम्पोवाल्यांनी यादीप्रमाणे काम केलं. टिक असलेले सगळे हंडे नेले. बयाबाईचं नाव यादीत नव्हतं, म्हणून तिच्या झोपडीत कुणी शिरलंच नाही. तिचा हंडा जसाच्या तसा आहे. अडतीसांत तेवढा एकच. मला साक्षीचं समन्स सोमवारीच आलं होतं, म्हणून तर तू गुरुवारी गेनूला पाठवलंस. शुक्रवारी मी वर गेले आणि बयाबाईपाशी तो मागितला. ती म्हणाली, "न्या. पर पानी कशात आनू?" मला हे माहीत होतं. माझा तांब्याचा हंडा मी बरोबर नेला होता. तिनं उचलून पाहिला, "लई जड हाय ओ." मी म्हटलं, जड आहे, पण गळत नाही. काल पुण्याला जाऊन तिचा हंडा मी कोर्टानं साक्षी नोंदवायला नेमलेल्या आयुक्तांच्या कचेरीत दिला. त्या उमेदवाराच्या वकिलाच्या हातात दिला नाही, तो माझा कुणी नाही. बुधवारी माझी साक्ष आहे. तुझे वकील हुशार असतील तर विचारतील, बाई, हा हंडा तर आमदारांनी सख्ख्या बहिणीला दिला होता ना, मग यात वावगं काय? मी सांगेन, हो, मलाच दिला होता. सख्ख्या बहिणीचंही नाव आधी मतदार यादीत शोधलं, टिक केली आणि मग दिला, आणि जिचं नाव सापडलं नाही तिनं ओवाळूनही तिला दिला नाही. मला एवढंच माहीत आहे आणि एवढंच सांगेन. बाकी ठरवायला न्यायाधीश आहेत. हे तुला गेनूकडून किंवा पेपरातून कळू नये, मोठ्या बहिणीनं आधी सांगावं, म्हणून लिहिलं. बुधवारनंतर मला भोंगवलीत माहेर राहणार नाही, हे मला कळतं. मी ते शुक्रवारीच धरून चालले आणि तरी वर गेले. येत्या भाऊबीजेला गेनूला पाठवू नकोस. मी घरी नसेन. बयाबाईनं बोलावलंय.

आजवर तुझीच म्हणवून घेतलेली,
नूतन अक्का

दिलेल्या वस्तूंची नोंद :

१. या पत्रासोबत, रजिस्टर पोस्टानं, धनाजी यांस : प्रतिज्ञापत्र, पानं चार, सही नसलेलं. "घरकाम" खोडून "निवृत्त सब-पोस्टमास्तर" केलं आहे. इतर चुका लाल शाईनं दाखवल्या आहेत. पोच परत यावी.

२. शनिवार, २१ मार्च, पुणे, आयुक्तांच्या कचेरीत : स्टीलचा हंडा एक, वापरलेला, न गळणारा. गळ्यावर मजकूर "आमदारभाऊंकडून बयाबाईस, भाऊबीज", खाली दिवस, महिना, साल. अक्षरं पूर्ण वाचता येतात. मालक बयाबाई. काम झाल्यावर तिला परत करायचा आहे, असं पोचेवर लिहून घेतलं.

३. शुक्रवार, २० मार्च, धनगरवाडा, बयाबाईस : तांब्याचा हंडा एक, मोठा, जुना. जुना मजकूर तसाच ठेवला. वर जाताना नसरापूरच्या स्टँडवर हाफिजभाईकडून त्याखाली नवी ओळ घालून घेतली, "बयाबाईस, नूतनकडून", आणि त्या दिवसाची तारीख. बदल्यात काही घेतलं नाही. पोच : बयाबाईचा डाव्या हाताचा अंगठा.